तिसऱ्या मजल्याची पाळी

सिद्धाप्पानं चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, कागद हातभर लांब धरला आणि माईकवरून वाचलं, "चेअरमनपदी श्री. सिद्धाप्पा गुरुबसप्पा कलशेट्टी यांची एकमताने निवड करण्यात येत आहे." आवाज जरासुद्धा हलला नाही. स्वतःचं नाव त्यानं असं वाचलं, की ऐकणाऱ्याला वाटावं हा दुसऱ्याच कुणा भल्या गृहस्थाचं वाचतोय. तिथं माझं नाव येणार होतं, आणि माझे हात टाळीसाठी अर्धे वर आले होते. आपल्याच नावाला आपण टाळी वाजवायची नसते हे मला कळतं, मी काही इतका हा नाही. पण बाकीच्यांनी वाजवली की आपण उठायचं, हात जोडायचे, जरासं मागं वळून वर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे बघायचं, म्हणजे तिथं खुर्चीत बसलेल्या बायकोला, चंद्रिकेला, झालं ते कळेल, असं सगळं मी दुपारपासून मनात बसवून ठेवलं होतं. दुपारी दाढीसुद्धा दुसऱ्यांदा केली होती. आता हात तसेच हवेत राहिले, आणि मग लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मीही वाजवल्या. आपल्या टाळीचा आवाज एवढ्या गर्दीतून आपल्याला वेगळा ऐकू येतो हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. वर मात्र मी बघितलं नाही.

पहिल्यांदा वाटलं, सिद्धा ओळ चुकला. वय झालंय, मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढलाय, सेक्रेटरीची ओळ चेअरमनच्या जागी वाचली असेल. मी मान पुढं करून त्याच्या हातातल्या कागदाकडे बघत राहिलो. ऊन उतरलं होतं, पण अंगणातली फरशी अजून तापलेली होती, खुर्च्यांचं प्लास्टिक पाठीला चिकटत होतं. कागदाच्या मागून उजेड येत होता आणि खालची पाच सह्यांची रांग मला उलट्या बाजूनं दिसत होती. पहिली सही माझी. तिचा शेवटचा फराटा मी चाळीस वर्षं असाच ओढत आलोय, कुठूनही ओळखेन. ती सही मी केली तेव्हा वर काहीही लिहिलेलं नव्हतं.

हे बाहेरच्या माणसाला वेडेपणाचं वाटेल, म्हणून सांगायला हवं. आमची बेलपत्र सोसायटी जुळे सोलापुरातली, तळमजला धरून चार मजल्यांची. समितीत कायद्यानं किती जण पाहिजेत कोण जाणे, आमच्याकडे उभं राहायला पाचच मिळतात. पंधरा वर्षांपूर्वी सोसायटी नोंदली गेली, तेव्हापासून चेअरमनपद मजल्याच्या पाळीनं जातं. पहिली पाच वर्षं तळमजल्याचा सिद्धाप्पा होता, मग पहिल्या मजल्याचा निंगप्पा, मग दुसऱ्याचा मंजुनाथ. आता तिसऱ्या मजल्याची पाळी, म्हणजे माझी. मतदान आमच्यात कधी झालं नाही आणि त्याचा आम्हाला मोठा अभिमान. पाच जणांची बैठक व्हायची ती कागदावरच होते. एक कोरा फुलस्केप घ्यायचा, आणि ज्याची पाळी असेल त्यानं सगळ्यात आधी तळाशी सही करून तो पुढं पाठवायचा. वरचा मजकूर बाकीच्यांनी घालायचा. आपलं नाव आपणच लिहून त्याखाली आपणच सही करणं बरं दिसत नाही, म्हणून ही रीत. सिद्धाप्पाच्या वेळी त्यानं कोऱ्यावर सही केली आणि वर त्याचं नाव मी माझ्या अक्षरात घातलं. निंगप्पाच्या वेळीही मीच घातलं, मंजुनाथच्याही. माझं अक्षर चांगलं. सगळी नोकरी नोंदणी कार्यालयात कारकून म्हणून काढली, आणि तिथं दिवसातून पन्नास वेळा समोरच्याला सांगत आलो की बाबा, वाचून सही कर, नंतर माझ्याकडे येऊन रडू नकोस. चंद्रिका माझी नक्कल करायची त्या वाक्याची, नाकात बोलून. गुरुवारी सकाळी सिद्धाप्पानं कोरा कागद वर आणला तेव्हा तिनं आतून विचारलंही, काय लिहिलंय म्हणून. मी म्हटलं, काही नाही. आणि ते खरंच होतं.

माईक घरघरला, सिद्धाप्पानं त्यावर टिचकी मारली. मला एकदम भवानी पेठेतली आमची खोली आठवली. दोघांत एक कंदील आणि एक स्टोव्ह, तो कापडाच्या दुकानात, मी नुकता नोकरीला लागलेला. तो रोज संध्याकाळी दुकानातून आला की स्टोव्हला अशीच टिचकी मारायचा, रॉकेल किती उरलंय बघायला. चार वर्षं आम्ही एका ताटलीत खाल्लं. मैंदर्गीला चंद्रिकेला बघायला गेलो तेव्हा माझ्याबरोबर हाच होता, माझा सदरा ठीक नाही म्हणून यानं वाटेत स्वतःचा काढून मला घातला. तिच्या घरच्यांनी पहिल्यांदा यालाच नवरामुलगा समजून पाणी दिलं, यावरून चंद्रिका त्याला अजून चिडवते. या इमारतीत फ्लॅट घ्यायचा ठरला तोही दोघांनी मिळून. त्याच्या आईला पायऱ्या चढवत नव्हत्या म्हणून तळमजला त्याला, मला तिसरा. तेव्हा चंद्रिका एकतीस वर्षांची होती, खांद्यावर पाण्याची कळशी घेऊन न थांबता वर यायची. तिसरा मजला म्हणजे काय असतो याचा विचारच आमच्या डोक्यात आला नाही. तिथं वारा छान येतो एवढंच आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

तिच्या गुडघ्यांनी दगा दिला तो तीन वर्षांपूर्वी. एकाचं ऑपरेशन झालं, ते म्हणावं तसं बसलं नाही. अठरा महिने झाले, ती खाली उतरलेली नाही. शेवटची उतरली ती दवाखान्यात जायला, आणि उतरली असं तरी कसं म्हणायचं, आम्ही चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला खाली आणली. वळणावर खुर्ची तिरकी झाली की ती डोळे मिटून घ्यायची आणि एका हातानं साडी पावलांवर ओढून धरायची. पुढचे दोन पाय सिद्धाप्पानं धरले होते, तोंड तिच्याकडे करून तो उलटा एकेक पायरी उतरत होता. दुसऱ्या मजल्यावर थांबलो तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम तिच्या मांडीवर पडला. परत आल्यावर तसंच वर नेली. खुर्चीतून उठून पलंगावर बसली आणि म्हणाली, आता मला एकदाच खाली न्या, मधे मधे नको. सिद्धाप्पा दारातच उभा होता. तो आत आला, तिच्यासमोर खाली फरशीवर बसला आणि तिचा हात धरून म्हणाला, "वैनी, असं बोलू नगा. महेशची पाळी येऊ द्या. तो चेअरमन झाला की पयला ठराव लिफ्टचा. मी आडवा आलो तर माझं नाव बदला." मागच्या बाजूला, लिफ्ट जिथून वर न्यायची तिथंच, त्यानं पत्रे टाकून सुनेच्या शिवणाच्या मशिनी ठेवल्या आहेत. मीच तो विषय काढला. तो म्हणाला, "काढतो की. पत्र्याला काय लागतंय?" निंगप्पा, मंजुनाथ मागं उभे होते, त्यांनीही माना हलवल्या. त्या दिवसापासून चंद्रिकेनं गॅलरीत बसून महिने मोजायला सुरुवात केली. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा दोनदा तिच्या डोळ्यांदेखत गेली, म्हणजे डोळ्यांदेखत कुठली, रात्रीचं शोभेचं दारूकाम तेवढं लांबून दिसायचं. पुढच्या गड्ड्याला जायचं म्हणून तिनं मुलीकडून, अंकिताकडून, पुण्याहून नवीन चपला मागवून घेतल्या. खोक्यातून काढून ती त्या घरातच घालून बसते.

त्या माणसाच्या हातांना तिचं वजन माहीत आहे. हे एवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरायला लागलं, आणि समोर तोच माणूस त्याच हातात कागद धरून पुढची ओळ वाचत होता. सेक्रेटरी मंजुनाथ. खजिनदार निंगप्पा. पाळी पुन्हा तळमजल्यापासून सुरू करण्यात येत आहे, कारण अनुभव. "आणि आपल्या सर्वांचे ज्येष्ठ मार्गदर्शक म्हणून श्री. महेश्वर हिरेमठ." पुन्हा टाळ्या. ज्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं ती बाकीची घरं फार मनापासून वाजवत होती. मागच्या रांगेतलं कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं, मान मिळाला बघा काका. मी हसलो. हसताना गालाचे स्नायू दुखले, ते अजून दुखतायत.

आता सगळ्यात वाईट भाग सांगतो. तो सिद्धाप्पाचा नाही, माझा आहे. गुरुवारी सही करून मी कागद दिला, शुक्रवारी तो निंगप्पा आणि मंजुनाथकडून फिरून आला, आणि शनिवारी सकाळी पाचव्या सहीसाठी गुलबानोभाभींकडे गेला तो तिथंच अडकला. भाभी पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांचे मिस्टर हाशमभाई समितीत होते, दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून त्यांच्या जागी या. उर्दू शाळेत शिकवायच्या. मंगळवार-शुक्रवार वर येऊन चंद्रिकेच्या केसांना तेल लावून देतात, दोघी तास तास बोलत बसतात. सिद्धाप्पाचा मला फोन आला, "महेश, बाई सही देईनात रे. लई आडमुठ्या हायेत. पंधरा वर्षांत असं झालं न्हाई. एकमत मोडलं तर उद्या मतदान घ्यावं लागंल, लोक हसतील. तुझं ऐकत्यात त्या. तू जरा सांग की." मला राग आला, भाभींचा. माझ्या पाळीलाच यांना कायदा आठवला, असं मी चंद्रिकेला म्हणालो. जिन्यात निंगप्पा भेटला त्यालाही म्हणालो, आडमुठ्या हा सिद्धाप्पाचाच शब्द वापरून. निंगप्पानं माझ्याकडे बघितलं आणि चपलेला काहीतरी लागलंय असं करून तो खाली वाकला. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही.

भाभींच्या दिवाणखान्यात टेबलावर तो कागद पालथा घातलेला होता, वर चष्म्याचं घर ठेवलेलं. त्यांनी मला बसा म्हटलं, पाणी दिलं, आणि उभ्याउभ्याच विचारलं, "भाई, तुमी वाचला का ह्यो कागद?" मी म्हटलं, भाभी, आमच्यात वाचत नाहीत. तशी पद्धत आहे. "मंग एक डाव वाचा की. मी सरळ करते." त्यांनी हात पुढं केला. मी त्यांच्या आधी माझा तळहात कागदावर ठेवला. हे मी केलं. कागद माझ्या हाताखाली होता, उलटायला एक बोट पुरलं असतं, आणि मी तो दाबून धरून त्यांना आमच्या सोसायटीचं मोठेपण सांगत बसलो. हाशमभाईंनी कधी वाचला नाही, म्हटलं. त्यांनी दहा-दहा वर्षं डोळे मिटून सही केली. त्यांचं नाव मी असं काढलं याची आता लाज वाटते. भाभी म्हणाल्या, "हौ. त्ये न्हवते वाचत." मग म्हणाल्या, "आणि त्यात काय वाईट लिव्हलेलं असलं तर?" मी म्हटलं, सिद्धानं लिहिलंय, भाभी. त्यात वाईट काय असणार. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. शिक्षिका होत्या, वर्गात एखाद्या पोराला एकच गोष्ट तीनदा सांगूनही कळत नाही म्हटल्यावर बघतात तसं बघत होत्या. मला वाटलं, ऐकतायत. "वर भाबींना ईचारून येते," म्हणाल्या आणि गेल्या. मी बसून राहिलो, त्यांच्या सुनेनं चहा दिला तो प्यालो. वीस-पंचवीस मिनिटं लागली. बायकांचं बायकांना लवकर पटतं, चंद्रिका समजावेल, असा विचार करून मी निवांत होतो. त्या आल्या तेव्हा डोळे लाल होते. कागद न उलटता त्यांनी त्याचा खालचा कोपरा तेवढा मुडपून वर काढला, गुलबानो हाशम बागवान अशी सही केली आणि म्हणाल्या, "केली, भाई. तुमी म्हणले म्हणून न्हाई केली." मला तो त्यांचा मान राखायचा प्रकार वाटला. मी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, खाली जाऊन सिद्धाप्पाच्या हातात दिली. त्यानं घडी उलगडून पाचही सह्या बोटानं मोजल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "महेश, तुझ्याबिगर हे झालं नसतं रे."

हे वाक्य मला आता अंगणात खुर्चीत बसल्याबसल्या आठवलं. तो खोटं बोलला नव्हता. चाळीस वर्षांत त्यानं माझ्यापासून कितीतरी गोष्टी पोटात ठेवल्या असतील, पण त्या क्षणी तो अगदी खरं बोलत होता, आणि त्याच्या हाताचा दाब नेहमीचाच होता, मैत्रीतला. मी विचार करायला लागलो, की हे त्यानं कधी ठरवलं असेल. दवाखान्यातून आल्यावर फरशीवर बसला होता तेव्हा? नाही, तेव्हा त्याचेही डोळे भरले होते, ते मी पाहिलेत. मग सुनेनं काही म्हटलं असेल, मशिनी कुठं ठेवू म्हणून. मग मंजुनाथ म्हणाला असेल, आम्हाला दुसऱ्या मजल्यावाल्यांना लिफ्ट काय करायची. मग एका संध्याकाळी तिघं खाली आमच्या नेहमीच्या बाकड्यावर बसले असतील आणि मी औषधं आणायला गेलेलो असेन. कुणीतरी म्हणालं असेल, महेशला सांगायचं कुणी? आणि कुणीच सांगायला नको म्हणून हा कोरा कागद. वाईट माणसं नाहीत ती. मला त्यांच्याविषयी असा विचार करता येतोय याचाच जास्त संताप आला. माणसानं फसवलं तर निदान त्याचा नीट राग तरी करता यावा, तेवढाही त्यांनी शिल्लक ठेवला नव्हता.

तेवढ्यात बायकांच्या खुर्च्यांमधून गुलबानोभाभी उठल्या. हातात माईक नव्हता, पण शाळेतला आवाज, सगळ्या अंगणात गेला. "माझी सही काढा त्यातनं. मला न्हाई मंजूर." पाण्याच्या टाकीचा थेंब पडल्यासारखा कुठंतरी चमचा वाजला, मागं भज्यांची तयारी चालली होती. सिद्धाप्पानं कागद खाली घेतला. "भाभी, आता कसं? सही केलीत की. वाचून दाखवल्यावर असं येत न्हाई करता." "पयलेच करत नव्हते मी. तुमाला ठाऊक हाय." कुणीतरी मागून म्हणालं, यांचं हे असंच, कुणालाच सहकार्य नाही. दोघं-तिघं हसले. निंगप्पा जमिनीकडे बघत होता. भाभी बसल्या नाहीत. त्या सिद्धाप्पाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. आता तरी, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी नुसतं उठून उभा राहिलो असतो तरी पुरलं असतं. हा माझा कागद आहे, मी कोऱ्यावर सही केली होती, वर माझं नाव यायचं ठरलं होतं, एवढी तीन वाक्यं. अठरा घरांपैकी निम्मी तरी ऐकून माझ्याकडून उभी राहिली असती, आणि मतदान झालं असतं तर झालं असतं. वर गॅलरीत जी बसली होती तिच्यासाठी तरी हे करायला हवं होतं. सिद्धाप्पा माईकची वायर ओढत माझ्यापर्यंत आला. त्याचे ओठ कोरडे पडले होते हे जवळून दिसलं. त्यानं माईक माझ्या तोंडासमोर धरला आणि हळू म्हणाला, "महेश, तू सांग की त्यांना. तुझं ऐकत्यात."

मला वाटतं, मी खोलीतल्या त्या स्टोव्हचा विचार करत होतो. की लोकांसमोर आपण न वाचता सही केली हे कबूल करावं लागेल याचा? नोंदणी कार्यालयातला हिरेमठ, त्यानंच न वाचता सही केली. दोन्ही असेल. तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर आलं, "राहू द्या, भाभी. झालं ते झालं. माझी काही तक्रार नाही." माझा आवाज कर्ण्यातून मोठा होऊन वर गेला, समोरच्या इमारतीवर आपटून परत आला. तक्रार नाही, हे मी दोनदा ऐकलं. भाभींनी पदर डोक्यावरून नीट घेतला आणि जिन्याकडे निघून गेल्या. सिद्धाप्पानं माझ्या खांद्यांवर शाल घातली, नारळ हातात दिला. शाल घालताना तो माझ्या कानाशी म्हणाला, "मोठं मन हाय तुझं." उन्हाळ्याचे दिवस, लोकरीची शाल, मानेला टोचत होती. मी ती काढली नाही.

भजी घ्यायला लोक टेबलाकडे गेले तेव्हा मी वर निघालो. पहिल्या मजल्यावर भाभींचं दार लावलेलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबलो, जिथं खुर्ची तिरकी झाली होती तिथं. इथं उलटं उतरताना सिद्धाप्पाला तिचे पाय दिसले असतील का, असलं काहीतरी मनात आलं. तिला काय सांगायचं याची मी जुळवाजुळव करत होतो. पाच वर्षांनी तरी आपली पाळी मागून घेऊ. किंवा आपण पुण्याला अंकिताकडे जाऊ. किंवा खालचा एखादा फ्लॅट भाड्यानं बघू. पाच वर्षांनी मी बहात्तर, ती सत्तरीला टेकलेली. दार उघडंच होतं. ती गॅलरीतून आत सरकून बसली होती, मांडीवर शेंगांचं सूप, एकेक फोडत होती.

"आयता?" तिनं विचारलं. झालं का, म्हणून. घरात आम्ही दोघं कानडी बोलतो, पण वाईट काही असलं की ती मराठीवर येते.

"ऐकलंस ना सगळं."

"ऐकलं की. माईक चांगला होता." तिनं शालीकडे बघितलं. "गरम व्हत न्हाई का? काढा ती."

मी शाल काढून खुर्चीवर टाकली. तिच्या चेहऱ्यावर ना धक्का होता, ना राग. बोटं शेंगा फोडत होती. आणि मला हळूहळू कळायला लागलं. काल भाभी वर आल्या होत्या. पंचवीस मिनिटं. लाल डोळे.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"काल गुलबानोनं सांगितलं. ती सही करणारच न्हवती. मर गयी तो बी नै करती, म्हणाली. मीच म्हटलं, कर."

"तू म्हटलंस?"

"व्हय."

"का?" मी ओरडलो असेन, कारण ती दाराकडे बघून हातानं हळू म्हणाली. "मला खाली बसवून ठेवलंस, मी चहा पीत होतो तिथं. एक हाक मारायची होतीस. मला एका शब्दानं सांगायचं होतंस, चंद्रिका."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? सिद्धाभावजी असं करतील, म्हणून?" तिनं टरफलं एका बाजूला केली. "आणि ऐकलं असतंत तर खाली जाऊन भांडला असता. मंग त्यांच्याशी बोलणं संपलं. मी काय, वरच असते. माझ्याकडं गुलबानो येती. तुमच्याकडं कोण येणार, सांगा की? रोज सहा वाजले की तुमी खाली त्या बाकड्यावर जाऊन बसता. दोन तास. मी वरून बघते की. तिथं बसल्यावर तुमी हसता." तिनं पुढची शेंग उचलली. "मी असले न्हाई तर तेच हायेत तुमाला."

मी तिच्यासमोर उभा होतो आणि मला तिचा राग येत होता. सिद्धाप्पाचा आला त्याच्यापेक्षा जास्त, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. त्यानं माझं नाव काढून टाकलं, हिनं माझी किंमत करून ठेवली होती. तिचे पाय घ्यायचे की माझं बाकडं, हे तिनं एकटीनं ठरवलं, माझ्या पाठीमागं, माझ्याच कागदावर, आणि मला विचारलंसुद्धा नाही. आणि थोड्या वेळापूर्वी माईक तोंडासमोर आला तेव्हा मी तेच उत्तर दिलं होतं, जे ती आधीच देऊन बसली होती. ती मला माझ्यापेक्षा जास्त ओळखून होती, आणि तेच मला सहन होत नव्हतं. मला वाटलं, तिनं चूक करावी. एवढ्यात तरी तिनं माझ्याबद्दल चूक करायला पाहिजे होती.

"मला राग आलाय," मी म्हणालो.

"ठाऊक हाय."

"तुझा आलाय."

"त्ये बी ठाऊक हाय," ती म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं आणि दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून गॅलरीच्या कठड्याकडे बघत बसली. खालून माणसांचा गलबला येत होता, कुणीतरी खुर्च्या आवरत होतं. मग सिद्धाप्पाची हाक आली. माईकवरून नाही, नुसतीच, गेली तीस वर्षं येते तशी. "महेश, ए महेश. भजी गार व्हायलीत रे. ये की."

मी हललो नाही. दुसऱ्यांदा हाक आली, या वेळी जरा घाबरत. चंद्रिकेनं मान वळवली नाही.

"बोलवायलेत," ती म्हणाली. "जावा."

तिसरी हाक येईपर्यंत मी थांबलो. मग चपला पायात सारल्या आणि खाली गेलो.